वरातीमागून हॉर्न

कुर्राबीलच्या फुटबॉल-नेटबॉल क्लबाची इमारत पूर्वी लोकरीचं गोदाम होती. गासड्या खांद्यावर घेऊन आत शिरता यावं म्हणून तिचा दरवाजा चांगला दांडगा ठेवलेला. तरी गावातली उंच पोरं त्या दरवाजातून येताना मान खाली घालतात. घरात, शाळेत, बसमध्ये डोकं आपटून आपटून तशी सवयच लागलेली असते. ग्लेनिस नॉस्की आत बाकावर बसून नेमकं हेच बघत असते. नवं पोर वाकलं की ती त्याला आल्या पावली बाहेर पाठवते.

"वर बघ जरा. किती जागा आहे? मग मुजरा कुणाला करतोस? जा, परत ये."

हे ती घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणते. गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिचा आवाज बसला तो पुरता परत आलाच नाही. चार हातांवरच्या माणसाला तिचं बोलणं ऐकू येत नाही, आणि नवरा कॉलिन म्हणतो की देव एवढा दयाळू असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

ग्लेनिस स्वतः सहा फुटाला बोटभर कमी. लहानपणी तीन भावांबरोबर मेंढ्यांच्या कोंडवाड्यात ती आमच्याकडच्या फुटबॉलचा तो लांबुळका, हातानेही झेलायचा चेंडू खेळायची आणि तिघांच्या डोक्यांवरून झेलायची. तिघंही खाली चिखलात पडायचे. पण शनिवार उजाडला की भाऊ मैदानावर आणि ही शेजारच्या नेटबॉलच्या कोर्टावर. त्या काळी मुलींनी फुटबॉल खेळायचा हा विषयच कुणाच्या डोक्यात यायचा नाही. नेटबॉल तिने मनापासून खेळला, वीसेक हंगाम गोल राखला, कप मिळवले. रुखरुख मात्र राहिली, आणि ती लपवायची गरज तिला कधी वाटली नाही. पुढे म्हातारपण दारात आलं तेव्हा गावात बायकांचा फुटबॉल संघ निघाला. पहिल्या सामन्याला ती कुंपण धरून उभी राहिली, ढसाढसा रडली आणि वर म्हणाली, धूळ गेली डोळ्यांत. आदल्या दिवशी इंचभर पाऊस झाला होता. धूळ औषधालाही नव्हती.

उंच पोरांचं काम तिच्याकडे आपसूक आलं. क्लबातल्या प्रत्येक प्रशिक्षकाला उंच पोर हवं असतं, पण ते आजच्या आज तयार हवं असतं. सतराव्या वर्षी उंच पोराचे पाय एका गावाला निघालेले असतात आणि हात दुसऱ्या. चेंडू छातीवर आपटतो, पाय पायांत अडकतात, मैदानभर हशा होतो. मग प्रशिक्षक ओरडतो, पोर आणखी वाकतं आणि वर्षभरात बास्केटबॉलकडे पळून जातं. ग्लेनिसचं म्हणणं एकच होतं: उंच पोर उशिरा पिकतं, अढीत लवकर हात घातला तर कच्चंच हाताला लागतं. गुडघ्याखाली दुखतंय असं कुणी म्हटलं की त्या आठवड्याला उडी बंद. त्याऐवजी गावच्या हॉलमध्ये वॉल्ट्झ. हो, नाच. जाडजूड शेतकऱ्यांची धिप्पाड पोरं लाजून लाल होत तिच्याबरोबर हॉलभर गिरक्या घ्यायची आणि तिच्या पायांवर पाय द्यायची. पण पाय कुठे आहेत हे त्यांना हळूहळू कळायला लागायचं.

या सगळ्या पोरांना शेवटी करायचं असतं एकच काम. खेळ सुरू होताना आणि प्रत्येक गोलानंतर पंच मैदानाच्या मधोमध चेंडू सरळ वर उडवतो. दोन्ही संघांचा एकेक उंच खेळाडू धावत येतो, उडी घेतो आणि चेंडू आपल्यातल्या एखाद्या बुटक्या, चपळ खेळाडूच्या हातात थापटून देतो. त्या उंच खेळाडूला रक म्हणतात. उंची आईबापांकडून फुकट मिळते, पण उडी कोणत्या क्षणाला घ्यायची ते शिकावं लागतं. डोळ्याचं पातं लवण्याइतकी आधी घेतली तर आपण खाली आणि चेंडू वर. तेवढीच उशिरा घेतली तर दुसरा घेऊन गेलेला असतो.

आवाज होता तोवर ग्लेनिस "आता" असं ओरडून तो क्षण शिकवायची. आवाज गेल्यावर तिने यूटचा, म्हणजे घरच्या उघड्या हौद्याच्या गाडीचा, हॉर्न धरला. नॉस्कींची यूट जुनी, पांढरी, मागच्या हौद्यात कायम कुत्र्यांचे केस. तिचा हॉर्न म्हणजे सर्दी झालेल्या बोकडाचा आवाज. तालुक्यात तसा दुसरा नव्हता. सरावाच्या दिवशी ग्लेनिस यूट कुंपणाला लावून आत बसायची, कुणीतरी चेंडू वर उडवायचं आणि नेमक्या क्षणी हॉर्न वाजायचा: भ्याँ. वाजला की उडायचं.

शनिवारी त्याच यूटमध्ये कॉलिन बसायचा. आमच्याकडे सामना गाडीतूनच बघतात. मैदानाभोवती गोल गाड्या लागतात आणि आपल्या संघाने गोल केला की सगळे हॉर्न एकदम वाजवतात. कॉलिनही वाजवायचा, पण गोल झाला तेव्हा त्याच्या एका हातात थर्मासचं झाकण असायचं, दुसऱ्यात खिम्याचा मीट पाय, आणि तोंड खिडकीतून शेजारच्या गाडीकडे, पाऊस आणि बार्लीच्या गप्पांत. सगळ्यांचे हॉर्न वाजून गप्प झाले, चेंडू मधोमध परत गेला, की मग याचं एकट्याचं भ्याँ. वरातीमागून घोडं. लोक म्हणायचे, "कॉलिनचा वाजला. आता गोल पक्का."

त्या वर्षी ग्लेनिसच्या हाताखाली टॅमसिन क्रोल नावाची मुलगी होती, पहिल्यापासून हॉर्नवरच शिकलेली पहिलीच. तळ्याच्या वाटेवरच्या क्रोलांची धाकटी, वय सतरा, उंची सहा फूट एक इंच. शाळेत पोरं तिला 'सायलो' म्हणत, रेल्वेजवळच्या धान्याच्या उंच कोठारांवरून. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा क्लबात आली तेव्हा खांदे पाडून, गुडघे वाकवून, आपण दिसूच नये अशा बेताने आली होती. ग्लेनिसला तिच्यात आपलं पंधरावं वर्षच दिसलं. दरवाजातून तिने तिला इतक्यांदा बाहेर पाठवलं की शेवटी टॅम चिडून म्हणाली, "ग्लेन, मी बाहेरच राहते आणि तूच ये."

"मी येते ना. बघ, अशी." आणि ग्लेनिस मान ताठ ठेवून दरवाजातून चालत गेली.

टॅम आतापर्यंत लहान मुलींच्या संघात खेळायची. त्यांचे सामने सकाळी, आणि सकाळी कॉलिन मेंढ्यांकडे असायचा. ऑगस्टच्या शेवटी बायकांच्या संघातल्या रकचं मनगट मोडलं आणि उपांत्य सामन्यात, टॅलगिटच्या संघाविरुद्ध, टॅमला थेट मोठ्यांत उतरवलं गेलं. ग्लेनिस शनिवारी क्लबाचं कॅन्टीन सांभाळायची; त्या दिवशी तिने अंड्याची सँडविच भरता भरता अर्धी जमिनीवर पाडली.

सुरुवात छान झाली. पहिल्याच उडीत टॅमने टॅलगिटच्या शेल्बीला मागे टाकलं. शेल्बी म्हणजे खांद्यांनी बैल. मग कुर्राबीलचा गोल झाला, हॉर्न वाजले, चेंडू मधोमध गेला, पंचाने तो हातात धरला आणि टॅम उडाली. चेंडू अजून पंचाच्या हातातच होता. ती खाली आल्यावर पंचाने तो उडवला आणि शेल्बीने फूल तोडावं तसा तो तोडून नेला. लोक हसले. पुढच्या गोलानंतर तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. टॅलगिटने गोल केला की मात्र टॅमची उडी अगदी घड्याळासारखी.

बेव्हन स्टाउट हा बायकांच्या संघाचा प्रशिक्षक. एरवी तो लोकर कातरणाऱ्या टोळीचा मुकादम. माणूस सरळ, पण धीर म्हणून नाही. तो कॅन्टीनच्या खिडकीशी आला. "ग्लेन, तुझ्या पोरीला मुंग्या चावतायत का?"

ग्लेनिसला काहीच कळेना. बूट घट्ट आहेत? घाबरली? डोळे? ती खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत राहिली. चौथा गोल झाला. सगळे हॉर्न वाजले, थांबले. पंचाने चेंडू धरला. आणि कुंपणाजवळच्या गमच्या, म्हणजे निलगिरीच्या, झाडाखालून, तिच्याच यूटमधून, तिच्याच नवऱ्याच्या अंगठ्याखालून सर्दी झालेला बोकड ओरडला. टॅम उडाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ग्लेनिस तशीच एप्रनमध्ये मैदानाला वळसा घालून पळत गेली. कॉलिनने तिला येताना बघून काच खाली केली आणि चहा पुढे केला. "काय गं, हिला झालंय काय आज?"

कुर्राबील तो सामना हरला. आमच्या लीगमध्ये वरच्या दोन संघांतल्या हरलेल्याला आणखी एक संधी मिळते. त्या सामन्यात बेव्हनने टॅमला रकमध्ये घेतलंच नाही, पुढे गोलाजवळ उभं केलं, आणि संघ कसाबसा अंतिम फेरीत शिरला. समोर पुन्हा टॅलगिट. तोवर हॉर्नची गोष्ट पिठाच्या गिरणीपासून दारूच्या गुत्त्यापर्यंत सगळ्यांना कळली होती. टॅलगिटलाही.

"अंतिम सामन्याला मी तिला मधे ठेवणार नाही," बेव्हन म्हणाला. "पोर गुणी आहे. पण तू तिला शिकवलंस की कुत्र्यासारखी सवय लावलीस?"

हे ग्लेनिसला लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. दोन वर्षं उडी टॅम घेत होती, पण क्षण ग्लेनिस निवडत होती. तरी ती मान ताठ ठेवून म्हणाली, "ती मधेच खेळेल. हॉर्नवर एकदा जरी उडाली, तर मी पुन्हा सरावाला येणार नाही. उंच पोरं तुझी, कॅन्टीन माझं. मरेपर्यंत."

"आणि नाही उडाली तर?"

"तर पुढचा हंगामभर सँडविच तू भरायची."

बेव्हनने हात पुढे केला. मग जाता जाता म्हणाला, "त्यापेक्षा हॉर्नची वायरच काढून टाक की."

"वायर काढली तर पोर शिकली की हॉर्न मेला, हे मला कसं कळणार?"

बोलायला हे ठीक होतं. पण उंच पोरं हातची गेली तर आपल्याकडे काय उरेल, याचा विचार करकरून तिची झोप उडाली. घरी तिने कॉलिनला दम भरला, "शनिवारी दोन्ही हात खिशात. एक गोल होवो नाहीतर वीस."

"आणि चहा?"

"चहा प्यायला नाहीस म्हणून मेलास तर छान दफन करीन."

आठवडाभर सराव उलटा चालला. ग्लेनिस आता यूटमध्ये बसेना. टॅमच्या शेजारी, चेंडू उडवणाऱ्याच्या समोर उभी राही आणि कानात घोगऱ्या आवाजात बोलत राही. "माझ्याकडे बघू नकोस. त्याचे गुडघे बघ. गुडघे वाकले की चेंडू निघाला." आणि यूटमध्ये कॉलिन, त्याला वाटेल तेव्हा हॉर्न वाजवायला मोकळा. एवढं सुख त्याला लग्नानंतर मिळालं नव्हतं. सोमवारी टॅम प्रत्येक भ्याँला उडाली. मंगळवारी उडाली आणि हवेतच शिव्या दिल्या. गुरुवारी ती जागची हलली नाही, पण ग्लेनिसने खाली बघितलं तर हॉर्नसरशी तिची उजवी टाच जराशी उचलली जात होती.

"टाच," ग्लेनिस म्हणाली.

"माहितेय," टॅम म्हणाली. "तीच माझं ऐकत नाही."

शनिवारी ऊन छान पडलं होतं. मैदानापलीकडे शेतात मोहरीसारखा कनोला पिवळाजर्द फुलला होता, गुलाबी काकाकुवे गोलाच्या खांबांवर बसून भांडत होते आणि गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. कॉलिन गमच्या झाडाखाली, हात खिशात. ग्लेनिसने कॅन्टीनला सुट्टी दिली आणि बेव्हनच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

सामना अटीतटीचा झाला. टॅम शेल्बीकडून मार खात होती, देत होती, दर दोन उड्यांपैकी एक जिंकत होती. कुर्राबीलचे गोल होत, हॉर्न वाजत, पण बोकड गप्प. लोक मागे वळून बघायला लागले. "कॉलिन गेला की काय?" असं कुणीतरी विचारलं. कॉलिन काचेमागे फुगून बसला होता.

शेवटची काही मिनिटं राहिली आणि कुर्राबीलने गोल केला. आता फक्त दोन गुणांनी मागे. एक गोल म्हणजे सहा गुण, म्हणजे कप. हॉर्नांचा नुसता कल्लोळ झाला, मग तो विरला. चेंडू मधोमध गेला. टॅम एका बाजूला, शेल्बी दुसऱ्या. पंचाने चेंडू दोन्ही हातांत धरला.

भ्याँ.

बेव्हनने डोळे मिटले. टॅलगिटच्या बाजूने कुणीतरी हसलंसुद्धा.

हॉर्नवर उडाली ती शेल्बी. तिला पढवून ठेवलं होतं की तो हॉर्न वाजला की ती लांबडी वर जाते, तेव्हा आधी जाऊन तिला अंगाने अडव. शेल्बी धावत सुटली, जिथे टॅम असायला हवी होती त्या हवेला धडकली आणि पंचाच्या पुढ्यात आपल्याच पायांवर अडखळली. टॅम जागेवर उभी होती. पंचाचे गुडघे वाकले. चेंडू वर गेला.

ग्लेनिसचा अंगठा हवेतच दाबला गेला, जुन्या सवयीने: आता. टॅम उडाली नाही. तिने आणखी कणभर थांबून मग उडी घेतली, आणि ग्लेनिसला तिथल्या तिथे कळलं की आपला अंगठा चुकला होता आणि पोर बरोबर होती. शेल्बीच्या डोक्यावरून सबंध हात लांब करून टॅमने चेंडू खाली थापटला, तो पिप नावाच्या चिमुरड्या पोरीच्या हातात पडला, पिप पळाली, तिने लाथ मारली, आणि पुढे काय झालं ते कुणालाच नीट दिसलं नाही, कारण सगळे गाड्यांतून बाहेर पडून नाचत होते. पुन्हा मधोमध चेंडू उडायच्या आत भोंगा वाजला. सामना संपला होता.

बेव्हनने ग्लेनिसला उचलायचा प्रयत्न केला आणि त्याची कंबर धरली. तिने त्याला तिथेच सोडलं आणि तरातरा गमच्या झाडाकडे निघाली. आनंद होता, पण त्याच्याआधी संताप होता. वाटेत क्लबाच्या दरवाजातून मुली कप घेऊन आत शिरत होत्या, सगळ्यांत मागे टॅम. कुणीतरी गंमत म्हणून ओरडलं, "सायलो, डोकं सांभाळ." ती वाकली नाही. पण ग्लेनिस कुठे निघालीय हे तिने बघितलं आणि ती उलट पावली पळत आली.

ग्लेनिसने यूटचं दार उघडलं होतं. "खिशात म्हणाले होते ना? दोन्ही म्हणाले होते. सामना गेला असता, पोर गेली असती, मी गेले असते. एवढासा अंगठा आवरला नाही तुला?"

कॉलिनने टॅमकडे बघितलं.

"त्याला नको बोलूस, ग्लेन," टॅम धापा टाकत म्हणाली. "मीच सांगितलं होतं. काल संध्याकाळी. तो कुत्र्यांना खायला घालत होता तेव्हा."

"काय सांगितलं होतंस?"

"की सगळा सामना गप्प बस, आणि अगदी गळ्याशी आलं की एकदा वाजव, पंचाने चेंडू धरल्यावर. त्यांना वाटतंय ना मी अजून हॉर्नवर उडते? मग म्हटलं, वाटू दे."

ग्लेनिस यूटचं दार सोडून तिच्याकडे वळली. गुरूची विद्या गुरूलाच फळली होती, आणि तीही घरच्या हॉर्नवरून. "आणि टाच उचलली गेली असती तर?"

"गेलीच होती जरा," टॅम म्हणाली. "मग खाली ठेवली."

मागून बेव्हन कंबर धरून लंगडत आला आणि म्हणाला की सँडविचमध्ये अंडं आधी घालतात की लेट्यूस ते आजच सांगून ठेव.

कॉलिनने थर्मासचं झाकण उघडलं. दिवसभर त्याने चहाचा घोट घेतला नव्हता. "चाळीस वर्षं हॉर्न वाजवतोय मी या मैदानावर," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा वेळेवर वाजवला. आणि आजच ही मला झोडपतेय."

ग्लेनिसने त्याच्या हातातला चहा काढून घेतला, यूटच्या पायरीवर बसली आणि रडली. या वेळी तिने धुळीचं नाव घेतलं नाही.